किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते, रागावू नका. तुमच्या घरात फक्त तुमची अशी जागा किती? स्वयंपाकघर म्हणाल, तर तिथला डबा न् डबा सगळ्यांना उघडता येतो. कपाट म्हणाल, तर किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर लटकलेला. पर्समध्ये मुलं सुटे पैसे शोधतात. पूर्वी कार्ड आलं की ज्याच्या हाती पडेल तो आधी वाचायचा, आणि मग 'तुझ्या माहेरचं आहे गं' म्हणून आपल्याकडे द्यायचा. आता कार्डं कुणी पाठवत नाही, पण फोन टुंग करून वाजला की शेजारी बसलेल्याची मान वळतेच ना?

म्हणून तर आपण मुली लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो. 'मला पाणी दे' याचं 'चलाम चाणीप चेद'. मोठ्या माणसांना कळत नसे असं आपल्याला वाटायचं. त्यांना सगळं कळायचं, कारण त्यांनीही लहानपणी तेच केलेलं होतं! पण त्यात एक मजा होती. चार मैत्रिणींत एक कुलूप होतं, आणि त्याची किल्ली आपल्याकडे होती.

ह्या कुलपाबद्दलच आज लिहायचं आहे. संगणकवाले त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. नाव ऐकून पान उलटू नका. लिहिलेल्या मजकुराची अक्षरं एका ठरलेल्या रीतीनं अशी बदलून टाकायची, की किल्ली ठाऊक असलेल्यालाच मूळ मजकूर परत मिळावा, बाकीच्यांना नुसती गिचमीड दिसावी. एवढाच त्याचा अर्थ. आणि ही विद्या काही अमेरिकेतून आलेली नाही. वात्स्यायनानं बायकांनी शिकाव्यात म्हणून चौसष्ट कला सांगितल्या, त्यात गाणं, रांगोळी, पाककला यांच्या रांगेत 'म्लेच्छितविकल्प' नावाची एक कला आहे. म्हणजे सांकेतिक लिहिणं-बोलणं. ग्रंथ 'कामसूत्र' आहे म्हणून कान टवकारू नका, यादी अगदी सोज्ज्वळ आहे. तेव्हाच्या शहाण्या माणसाला कळत होतं, की बाईजवळ स्वतःची अशी एक लिपी असायला हवी. पुढे ते कुठं गळून पडलं कोण जाणे!

आपल्या मराठीतलं उदाहरण तर त्याहून मोठं आहे. तेराव्या शतकातले चक्रधरस्वामी आणि त्यांचा महानुभाव पंथ तुम्हांला शाळेतल्या पुस्तकातून माहीत असतील. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणतात ते 'लीळाचरित्र' याच पंथाचं. पण पंथाचे ग्रंथ बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या केल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. शतकानुशतकं हे ग्रंथ महाराष्ट्रातच होते, भाषा मराठीच होती, पण दीक्षा न घेतलेल्या माणसाला त्यातलं अक्षर लागत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पुण्याच्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी चिकाटीनं बसून ह्या लिपीचा उलगडा केला. ज्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तेच हे राजवाडे. मराठी भाषेवर त्यांचे उपकारच झाले. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अक्षराच्या जागी अक्षर ठेवून केलेलं कुलूप कितीही जुनं नि मानाचं असलं, तरी चिकाटीचा माणूस भेटला की ते उघडतं.

हे सगळं मी वाचायला लागले ते भाच्यामुळे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो आणि त्याचे तीन मित्र दर रविवारी आमच्याकडे जमतात, कारण वसतिगृहात वीज आणि पोहे या दोन्हींची खात्री नसते. कॉलेजचं काम नाही, परीक्षेचं नाही, कुणी पैसे देणार नाही. निव्वळ हौस. पूर्वी मुलं रेडिओ उघडून पुन्हा जोडायची, पतंगाचा मांजा घरी करायची, त्यातलाच प्रकार. ह्यांनी मजकुराला कुलूप घालणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला, साठ-सत्तर ओळींचा, आणि त्याला नाव दिलं 'चोरकप्पा'. नाव मला फार आवडलं. मित्रांना, वर्गातल्या मुलींना, ज्याला हवा त्याला फुकट वाटायला सुरुवात केली. असे हौशी लोक पुण्यात पुष्कळ आहेत. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपसारखी मंडळी जमतात, आपण केलेलं दुसऱ्याला दाखवतात, देऊन टाकतात. पाककृती देतो तसं. लोणच्याचा मसाला सांगताना एक जिन्नस हातचा राखणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत, पण ह्या मुलांत तो दोष नाही.

तर त्यांचं पहिलं कुलूप कसं होतं ते सांगते, कारण त्यात फार गंमत आहे. संगणकाला 'क' म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. 'क'चा २३२५, 'ख'चा २३२६, असं ओळीनं. मुलांनी काय केलं, तर प्रत्येक नंबरात तीन मिळवले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा ज्युलियस सीझर हीच युक्ती करायचा, अक्षर तीन घरं पुढे ढकलायचा. मराठीत हे केलं की 'भात'चा होतो 'रुध' आणि 'वरण'चं 'सळद'. 'काका' लिहिलं की 'घुघु' येतं आणि 'नाना'चं 'फुफु'! आमच्या घरी आठ दिवस सगळ्या काका-नानांना घुघु नि फुफु म्हणणं चाललं होतं.

मग एके रविवारी भाच्यानं एक पानभर मजकूर छापून माझ्यापुढे ठेवला. "आत्या, तू शब्दकोडी सोडवतेस ना? हे सोडव. महिना घे."

मैत्रिणींनो, महिना नाही, एक संध्याकाळ लागली. कशी, ते सांगते, कारण तुम्हांलाही जमेल. पानभर गिचमीड होती आणि जागोजागी ॐ. पारायणाच्या पोथीतसुद्धा इतके ॐ नसतात. नीट बघितल्यावर दिसलं, की हा ॐ शब्दाच्या सुरुवातीला कधीच येत नाही, शेवटीही येत नाही, नेहमी दोन अक्षरांच्या मध्ये. मराठीत दोन अक्षरांच्या मध्ये काय असतं? जोडाक्षराचं पाय मोडणं! संगणक पाय मोडण्यालाही एक नंबर देतो, आणि त्याच्या तीन घरं पुढे ॐ बसलेला आहे. दुसरं असं, की पूर्णविराम आणि मोकळ्या जागा मुलांनी तशाच ठेवल्या होत्या, आणि बहुतेक वाक्यांच्या शेवटी तीच तीन चिन्हं: आधी 'उ', मग एक नुक्ता, मग एक अनोळखी मात्रा. मराठी वाक्य कशानं संपतं? 'आहे'नं! म्हणजे 'उ' हा मुळात 'आ'. आ, इ, ई, उ. बोटांवर मोजलं, तीन पावलं. तिथून पुढे 'घ'चा 'क' करायला किती वेळ? मधूनमधून आपण न वापरणारी काही अक्षरं आडवी येत होती, पण वाट सापडली होती. शिवाय जिथं तिथं उकारच उकार दिसत होते, ते सगळे काने निघाले. आपण बोलताना किती काने वापरतो ते एकदा मोजून बघा.

आणि एवढं करून निघालं काय? गुरुवारी पाणी येणार नाही, पिंपं भरून ठेवावीत, ही महापालिकेची सूचना.

मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पण ही युक्ती काही माझी नाही. कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून सांकेतिक लिहिणं फोडायचं, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी नावाच्या विद्वानानं लिहून ठेवलं आहे. आणि बायकांचा ह्यात हात चांगला चालतो, असं माझं आपलं मत. अमेरिकेत दारूबंदी होती, १९२० ते १९३३. तेव्हा समुद्रातून दारू आणणारे तस्कर एकमेकांना सांकेतिक संदेश पाठवायचे. ते फोडायचं काम एलिझबेथ फ्रीडमन नावाच्या बाई करत होत्या, दोन मुलांचं संसार-शाळा बघून. तस्करांनी पैसे मोजून तज्ज्ञ ठेवले होते आणि बाईंनी त्यांचे निरोप वाचून ते कोर्टात सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला जर्मनांचे संदेश फोडले जात, तिथेही काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या.

असो. मुद्दा हा, की आपल्याला स्वतःला उघडता येऊ नये असं कुलूप कुणालाही करता येतं. दुसऱ्याला ते उघडतं की नाही, ते दुसऱ्याच्या हातात दिल्यावरच कळतं. मुलांनीही हे ओळखलं, आणि इथं मला त्यांचं कौतुक वाटलं. हट्ट धरून बसली नाहीत. त्यांनी आपलं कुलूप फेकून दिलं आणि जगानं तपासलेलं एक कुलूप घेतलं. दार मात्र आपलंच ठेवलं.

हे तपासलेलं कुलूप कसं तयार झालं ऐका. १९९७ साली अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं जगभरातल्या लोकांना आवाहन केलं, की सगळ्यांना वापरता येईल अशी मजकूर बंद करायची रीत पाठवा. पंधरा रीती स्पर्धेत उतरल्या. सगळ्या उघडपणे छापल्या आणि सांगितलं, फोडा! जगभरातल्या डोकेबाज लोकांनी दोन वर्षं त्यांच्यावर घण घातले. त्यातून दोन बेल्जियन तरुणांची रीत निवडली गेली आणि २००१ मध्ये ती प्रमाण ठरली. आज बँका वापरतात, सरकारं वापरतात, आणि आमच्या पुढच्या खोलीत पोहे खात बसलेली चार मुलंही वापरतात. तीच्या तीच रीत, फुकट.

मला आधी हे पटेना. कुलूप कसं केलं ते जगाला सांगायचं, मग ते कुलूप कसलं? भाचा म्हणाला, "आत्या, तुझ्या दाराचं कुलूप कसं चालतं ते प्रत्येक किल्लीवाल्याला माहीत आहे. पण तुझ्या किल्लीचे दाते त्याला माहीत आहेत का?" खरंच की! १८८३ साली केरखॉफ्स नावाच्या पॅरिसमधल्या भाषाशिक्षकानं हेच लिहून ठेवलं, की यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी चालेल असंच ते असावं, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. आमच्या मुलांनी आपला प्रोग्रॅम सगळ्यांना उघडा करून दिला त्याचा फायदा झाला तो असा. दुसऱ्या गावच्या एका मुलानं तो वाचून कळवलं, की अहो, तुम्ही कुलूप घालता खरं, पण मूळ मजकुराची एक प्रत संगणकात तशीच मागे राहते. म्हणजे पत्र तिजोरीत, आणि त्याची नक्कल टेबलावर! ही चूक चौघांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

अशा हौशी माणसांत सगळ्यांत गाजला तो अमेरिकेतला फिल झिमरमन. त्यानं १९९१ साली एक प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटला. नाव काय ठेवलं, तर 'प्रीटी गुड प्रायव्हसी', 'बऱ्यापैकी चांगला खाजगीपणा'. एका रेडिओ कार्यक्रमात 'बऱ्यापैकी चांगलं' असं नाव असलेलं एक किराणा दुकान होतं, त्यावरून हे नाव सुचलं! त्याच्या प्रोग्रॅमची खुबी आपल्या देवळातल्या दानपेटीसारखी आहे. पेटीत कुणीही टाकावं, उघडायची किल्ली मात्र एकाकडेच. म्हणजे मला कुणीही बंद पत्र पाठवू शकतं, पण उघडेन मीच. आधी भेटून किल्ली ठरवायला नको. ही कल्पना १९७६-७७ मध्ये अमेरिकेतल्या विद्वानांनी मांडली होती, ह्यानं ती घरोघरच्या संगणकावर आणली. पण तिकडच्या सरकारच्या लेखी तेव्हा असं पक्कं कुलूप म्हणजे शस्त्र होतं, आणि शस्त्र परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. झिमरमनची चौकशी लागली, ती तीन वर्षं चालली. १९९५ साली एका विद्यापीठाच्या प्रकाशनानं तो सगळा प्रोग्रॅम चक्क पुस्तक म्हणून छापला. पुस्तक परदेशी पाठवायला कुठं बंदी आहे? १९९६ च्या जानेवारीत चौकशी सोडून देण्यात आली.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमानं ठरावीक कारणांसाठी सरकार तुम्हांला 'हे उघडून दाखवा' असं सांगू शकतं, आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१५ च्या सप्टेंबरात तर एक मसुदा निघाला होता, की लोकांनी कुलूपबंद पाठवलेल्या निरोपांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी. 'भाजी काय आणू' हेसुद्धा ९० दिवस! एवढा गदारोळ झाला की तो लगेच मागे घेतला. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, व्हॉट्सअॅपनं सगळ्यांच्या निरोपांना वाटेत कुलूप घातलं. गप्पांच्या वर ती बारीक अक्षरातली सूचना दिसते ना, ती त्याचीच. पण हे कुलूप वाटेतल्यासाठी. तुमचा फोन ज्याच्या हातात, त्याला सगळं वाचता येतं. पोस्टमनपासून पत्र वाचलं, नणंदेपासून नाही!

आमचे हे म्हणतात, अशी कुलपं चोरही वापरतील. वापरतील की. दाराची कडीही चोर आतून लावतो. म्हणून कड्या काढून टाकतो का आपण? मला खरा राग येतो तो दुसऱ्याच वाक्याचा: "लपवायचं काय आहे एवढं?" हे वाक्य घरात कुणाला म्हणतात ते आठवून बघा. पुरुषाच्या टेबलाच्या खणाला कुलूप असलं तर ते 'महत्त्वाचे कागद'. बाईच्या खणाला असलं तर 'लपवते काहीतरी'.

आमच्याच इमारतीत एक वहिनी आहेत, साठीच्या पुढच्या. त्या एका रविवारी वाटीभर चटणी द्यायला आल्या आणि मुलांचं बोलणं ऐकत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मला देतील का हो ते? म्हणजे ते चोरकप्पा की काय ते?"

त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना रोजनिशी लिहायची सवय होती. वाईट काही नाही; काय वाटलं, कशाचं रडू आलं, एखादी ओळ सुचली तर ती. वही साड्यांच्या घडीखाली असायची. एका दिवाळीत सगळे जमलेले असताना सासरच्या एका माणसानं ती काढली आणि चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली. गंमत म्हणून. सगळे हसले. वहिनी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले, कुणाला काही बोलल्या नाहीत, रात्री वही बंबात घातली. त्यानंतर पस्तीस वर्षं त्यांनी वाण्याची यादी सोडली तर काही लिहिलं नाही.

पस्तीस वर्षं! मी त्यांना रोज जिन्यात भेटत होते.

मुलांनी त्यांच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर चोरकप्पा बसवून दिला. मराठी कसं टाइप करायचं ते शिकवलं. मग किल्लीचा प्रश्न आला. वहिनींनी लग्नाची तारीख टाकली, मुलं म्हणाली, "काकू, हे कुणीही ओळखेल." नातवाचं नाव, तेही नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, म्हणाली, जे तुमच्याशिवाय कुणाला सुचणार नाहीत. लांब असू दे, पण तुम्हांला आठवेल असं. आडनाव-जन्मसाल-फुली असल्या भानगडींपेक्षा ते पक्कं. वहिनी हसल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि टाइप केलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि विसरले तर?"

भाचा म्हणाला, "मग आम्हालाही उघडता येणार नाही, काकू. कुणालाच नाही."

इथं मी मध्ये पडले. कारण मला दुसरंही एक घर ठाऊक आहे. तिथं नवरा फार व्यवस्थित होता. विमा, ठेवी, बँकांचे नंबर, सगळं संगणकावर एका कुलूपबंद फायलीत. तो अचानक गेला. बायकोला किल्ली माहीत नव्हती, कधी विचारलीही नव्हती. कुठल्या बँकेत काय आहे ते शोधायला तिला पावसाळ्यापासून होळीपर्यंत फिरावं लागलं. कुलूप पक्कं होतं, अगदी बेल्जियन तरुणांचं. चोराला उघडलं नसतं, तसंच तिलाही उघडलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं आजच करा. संसाराच्या कागदांची किल्ली दोघांकडे हवी. ह्यांना सरळ विचारा, लाजू नका, अशुभ बोलते असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. शब्द कागदावर लिहून, लिफाफा चिकटवून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. कॅलेंडरच्या पाठीवर नको, तिथं दूधवाल्याचा हिशेब ठीक. एटीएमचा नंबर कार्डाच्या पाकिटातच ठेवणाऱ्या तर डझनभर सापडतील.

पण मनातल्या गोष्टींची किल्ली? तिचा लिफाफा करायचा का? मी वहिनींना म्हटलं, निदान मुलीला सांगून ठेवा. माझ्या मते एवढं लिहिलेलं वाया जाऊ नये. त्या जरा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्यानंतर उघडलं नाही तर काय बिघडलं? मी ते कुणी वाचावं म्हणून लिहीतच नाहीये." मुलं गप्प झाली. प्रोग्रॅममध्ये किल्ली विसरल्यास मदतीची काही सोय करावी असं त्यांच्या मनात चाललं होतं. एक म्हणत होता करू, दुसरा म्हणत होता आपल्याकडे दुसरी किल्ली असली तर तो चोरकप्पा राहतच नाही. दुसऱ्याचं खरं ठरलं. मला अजूनही निम्मंच पटलं आहे.

आता वहिनींचा नेम झाला आहे. दुपारी आपल्या पुण्याला झोप लागलेली असते, तेव्हा त्यांच्या खिडकीतून टकटक ऐकू येते. बाहेरून फक्त फाइल किती मोठी झाली तेवढं दिसतं, आणि ती वाढतेच आहे, असं भाचा म्हणाला. परवा जिन्यात भेटल्या, तर मी न राहवून विचारलंच, "वहिनी, एवढं रोज काय लिहिता हो?"

पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चाहीक चाहीन." आणि अशा हसल्या, की मलाही हसू आवरेना.